हातगुण

"टॉर्च थोडी खाली घे," मधुभाऊ म्हणाले. "मानेच्या वळीत अजून एक आहे."

शुभदाबाईंनी डाव्या हातातली टॉर्च खाली केली. सकाळचे आठ वाजले होते आणि ओसरीत ऊन आलं होतं, पण कासवाच्या मानेच्या सुरकुत्यांत ते पोचत नव्हतं. मधुभाऊंनी चिमटा कातडीला टेकवला, गोचिडीला तोंडापाशी धरलं आणि न पिळता सरळ वर ओढलं. ती आली. त्यांनी ती रॉकेलच्या वाटीत टाकली. वाटीत आधीच्या सहा होत्या.

"गंगी," शुभदाबाई म्हणाल्या.

"हो, गंगी शहाणीच आहे. धाकटी पाहा, कशी पाय झाडून राहिली."

असा एखादा शब्द ऐकण्यासाठी मधुभाऊंनी चौदा महिने वाट पाहिली होती.

दारव्हा-नेर रस्त्यावरच्या एका मोठ्या गावात जनावरांचा सरकारी दवाखाना होता. मधुभाऊ तिथे एकतीस वर्षं ड्रेसर होते. हुद्दा जखमा धुऊन पट्ट्या बांधण्याचा, पण डॉक्टरांकडे तीन-चार दवाखान्यांचा कारभार असायचा, म्हणून इंजेक्शनं, सलाइन, अडलेली गाय मोकळी करणं, सगळं मधुभाऊच करत. बिथरलेला बैलसुद्धा त्यांनी पाठीवर थाप मारली की उभा राही. "मधुभाऊच्या हाताले गुण हाये," असं पंचक्रोशीतली माणसं म्हणत. मधुभाऊंना ते ऐकायला आवडे.

त्यांच्या पत्नी शुभदाबाई गावातल्या मराठी शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवत. आदल्या वर्षीच्या संक्रांतीनंतर एका सकाळी फळ्यावर लिहिता लिहिता त्यांच्या हातातून खडू पडला. तो उचलायला त्या वाकल्या आणि तशाच खाली बसल्या. उजवी बाजू गेली, आणि वाचाही गेली. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं की यांना सगळं कळतं, फक्त शब्द सापडत नाहीत. बोलतं करत राहा. मुलगी ऋचा पुण्याहून येऊन दोन महिने राहिली. तिने चित्रांची पुस्तकं आणली, अंकलिपी आणली. शुभदाबाईंनी अंकलिपी डाव्या हाताने दूर सारली. दरवर्षी चाळीस पोरांना जी शिकवली, ती आपल्यासमोर कोणीतरी धरावी हे त्यांना सोसलं नाही. ऋचा परत गेली. घरात मधुभाऊ बोलत आणि शुभदाबाई मानेने हो-नाही करत. पुढे पुढे मधुभाऊंचं बोलणंही कमी झालं.

कासवं कय्युमने आणली. कय्युम हा जिनिंगचा मिस्त्री. त्याची रेचणी नीट चालली की कापसातली सरकी न फुटता वेगळी पडते, असं जिनवाले सांगत. पण दोन हंगाम झाले, जिन धड महिनाभरही चालली नव्हती. कापूस पिकवणाऱ्यांचंच कंबरडं मोडलं होतं. कय्युम आता दारव्हा-नेर काळीपिवळी जीप चालवत होता. होळीनंतरच्या आठवड्यात तो टोपली घेऊन ओसरीवर आला.

"नेरच्या बजारात एक जन घेऊन बसलता, मधुभाऊ," तो म्हणाला. "म्हने घरात लक्ष्मी येते यानं. मले त्याच्या लक्ष्मीशी काही घेनं नाही. म्या म्हटलं, भाभी दिवसभर एकल्याच बसते, तेवढाच जीव रमन."

टोपलीत दोन कासवं होती. काळी पाठ, तिच्यावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. एक वीतभर, दुसरं मुठीएवढं. मधुभाऊंनी एकतीस वर्षांत म्हशीपासून पोपटापर्यंत सगळं हाताळलं होतं, पण कासवाला औषध कधी दिलं नव्हतं.

"अरे, पण खातात काय हे?"

"पाला खाते म्हने. घोळ, जास्वंदीचं पान, काकडी."

शुभदाबाईंनी डावा हात पुढे केला. मधुभाऊंनी मोठं कासव त्यांच्या मांडीवर ठेवलं. पुष्कळ वेळाने त्याने डोकं बाहेर काढलं आणि त्यांच्या पातळाच्या काठाला तोंड लावून पाहिलं. शुभदाबाई हसल्या. अर्धाच चेहरा हसला, पण हसल्या.

तिसऱ्या दिवशी मधुभाऊ दुपारी जेवायला घरी आले तेव्हा बाईंनी जास्वंदीचं पान कासवापुढे धरलं होतं आणि ओठांची धडपड चालली होती. मधुभाऊ दारातच थांबले.

"खा," शुभदाबाई म्हणाल्या.

मधुभाऊ तसेच मागे फिरले आणि जास्वंदीच्या झाडापाशी जाऊन उभे राहिले. जरा वेळाने चूळ भरून, चेहरा पुसून आत आले आणि काही न झाल्यासारखे पानावर बसले.

मग 'ये' आला, 'पान' आला. एक दिवस 'गंगी' आला. गंगी हे नाव कुठून निघालं ते मधुभाऊंना समजलं नाही. माहेरची गाय असेल, शाळेतली एखादी पोर असेल. बाईंना ते सांगता येत नव्हतं. मोठी ती गंगी ठरली, लहान ती धाकटी. पंधरा दिवसांत नऊ शब्द झाले. मधुभाऊ ते दवाखान्यातल्या केसपेपरच्या पाठीवर लिहून ठेवत आणि रविवारी ऋचाला फोनवर वाचून दाखवत.

*

गोचिडा काढून दोन दिवस झाले नाहीत तोच पुन्हा दिसू लागल्या. काखेत, शेपटीच्या बुडाशी, कवचाच्या कडेखाली बारीक बारीक. धाकटीने खाणं कमी केलं. मग एका सकाळी फरशीवरच्या तिच्या विष्ठेत मधुभाऊंना पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी हलताना दिसलं. त्यांनी ती विष्ठा पानावर उचलून दवाखान्यात नेली.

दवाखान्यात एक जुना सूक्ष्मदर्शक होता. मधुभाऊंना शेण तपासणं एका जुन्या डॉक्टरांनी शिकवलं होतं आणि ते त्यात तरबेज होते. काचेवर थेंब घेऊन त्यांनी डोळा लावला. जंताची अंडी होती, आणि पुष्कळ होती. त्यांनी गंगीचीही तपासली. तीच गत.

डॉक्टर साकेत त्या दिवशी नव्हते. तरुण मनुष्य, सरळ. त्यांच्यामागे त्या वर्षी शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पॅकेजच्या गाईंचं काम लागलं होतं. ज्यांच्याकडे बैलाला घालायला कडबा उरला नव्हता, त्यांच्या दारात सरकारने संकरित गाई आणून बांधल्या होत्या. नाजूक जनावरं ती. इकडचं ऊन सोसेना, गोचीड सोसेना. त्या हिवाळ्यात मधुभाऊंनी अशा कितीतरी गाई उभ्या केल्या आणि बहुतेक एकाच औषधावर केल्या. आयव्हरमेक्टिन. कातडीखाली एक इंजेक्शन दिलं की तीन दिवसांत गोचिडा गळून पडत आणि पोटातले जंतही जात. बाया हात जोडत. मधुभाऊंना ते औषध म्हणजे प्रसाद वाटू लागलं होतं.

त्यांनी कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात आयव्हरमेक्टिनची बाटली होती. खालच्या कप्प्यात जंताच्या जाड गोळ्या होत्या, फेनबेंडाझोलच्या. गोळी गाईसाठी बनवलेली. मुठीएवढ्या जिवाला तिचा कितवा तुकडा द्यायचा? आणि गोळीने गोचीड जात नाही. त्यांनी बाटली घेतली.

हे काम त्यांनी घाईत केलं नाही. गंगीला आणि धाकटीला पिशवीतून किराणा दुकानात नेऊन काट्यावर तोललं. गंगी सव्वा किलो, धाकटी चारशे ग्रॅमला थोडी कमी. शेळीचा डोस धरून त्यांनी कागदावर हिशेब मांडला, दोनदा तपासला. औषध पातळ करून घेतलं. घरी येऊन हात साबणाने धुतले. बाईंच्या मांडीवर टॉवेल पसरला, गंगीचा मागचा पाय हळूच बाहेर ओढून धरला.

"एक मुंगी चावल्यासारखं होईल, बस."

शुभदाबाईंनी गंगीच्या पाठीवर हात ठेवला. मधुभाऊंनी इतक्या अलगद सुई घातली की गंगीने पायही ओढला नाही. मग धाकटी. तिलाही कळलं नाही.

"तीन दिवस थांब," ते म्हणाले. "मग पाहशील, कशा पळतात."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीची मान बाहेर होती. मधुभाऊंनी तिच्या नाकाला बोट लावलं. कासव अशा वेळी मान झटकन आत घेतं. धाकटीने घेतली नाही. त्यांनी तिला उचललं तेव्हा चारही पाय ओल्या चिंधीसारखे खाली लोंबले. डोळे मात्र उघडे होते आणि ती पाहत होती.

"औषधाची गुंगी असेल," ते बाईंना म्हणाले. असं कधी होत नाही, हे त्यांना माहीत होतं.

संध्याकाळी गंगी मागचे पाय ओढत चालू लागली. तिसऱ्या दिवशी पहाटे धाकटी गेली. त्याच सकाळी डॉक्टर साकेत दवाखान्यात आले. मधुभाऊंनी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. वजन, डोस, पातळ कसं केलं ते. डॉक्टर पेन हातात धरून ऐकत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मधुभाऊ, काय दिलंत म्हणालात?"

"आयव्हरमेक्टिन, साहेब. शेळीच्या मानाने."

डॉक्टर उठले. बाहेर जाऊन त्यांनी नागपूरला आपल्या सरांना फोन लावला. मधुभाऊंना खिडकीतून ते दिसत होते. बोलताना त्यांनी दोनदा कपाळाला हात लावला. परत आले ते मधुभाऊंच्या समोर बसले नाहीत, शेजारच्या स्टुलावर बसले.

"कासवाला ते औषध चालत नाही," ते म्हणाले. "गाईला, शेळीला चालतं. त्यांच्यात ते औषध मेंदूपर्यंत पोचत नाही. कासवात पोचतं आणि सगळं अंग लुळं पडतं. डोस कितीही कमी असला तरी."

"उतारा?"

"उतारा नाही. कोमट पाण्यात बसवायचं, अंगात पाणी राहील असं पाहायचं, आणि वाट पाहायची. कधी कधी वाचतात, असं सर म्हणाले."

डॉक्टरांनी स्टूल थोडं पुढे ओढलं.

"आम्हालाही कासवावर एखादं पानच होतं शिकायला," डॉक्टर म्हणाले. "मी असतो तर मीही कदाचित हेच दिलं असतं. आणि मधुभाऊ, बाजारातून आणलेली ही जनावरं पोटात जंत घेऊनच येतात. कुठून कुठून पोत्यात भरून आणतात, दिवसचे दिवस पाणी नसतं. निम्मी अशीही मरतात. ही जात घरी ठेवणं तर गुन्हाच आहे. जगली तर आपण तिला वनखात्याकडे देऊ, मी बोलतो. आणि एक. वहिनींना साखर आहे ना? कासवाला हात लावला की साबणाने हात धुवायलाच हवा. त्यांच्या अंगावर असलेल्या जंतूंनी जुलाब लागतात, ते वहिनींना झेपायचं नाही."

"रोज धुतो साहेब. मीच धुतो तिचे हात."

"घरी सांगा, की आजारीच आली होती. ते काही खोटं नाही."

मधुभाऊंनी मान हलवली. मग उठून कपाटापाशी गेले. खालच्या कप्प्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "ही गोळी?"

डॉक्टरांनी तिकडे पाहिलं नाही. "हो," ते म्हणाले. "ती चालली असती."

*

घरी त्यांनी तेच सांगितलं. आजारी होती, बाजारातूनच आजार घेऊन आली होती. शुभदाबाईंनी ऐकून घेतलं. धाकटीला त्यांनी पदराच्या टोकाने पुसलं आणि मधुभाऊंच्या हातात दिलं.

मग गंगीची शुश्रूषा सुरू झाली. मधुभाऊंनी रजा टाकली. सकाळ-संध्याकाळ तसराळ्यात कोमट पाणी घ्यायचं, पाणी किती ऊन आहे ते हाताच्या कोपराने पाहायचं, गंगीला त्यात बसवून तिची हनुवटी बोटावर तोलून धरायची, कारण मान सावरत नव्हती आणि डोकं पाण्यात बुडालं असतं. अर्धा तास. मग बारीक नळीने तोंडात पाण्याचे थेंब. शुभदाबाई खाटेच्या कडेला बसून हे सगळं पाहत. कय्युम गाडीच्या फेऱ्यांमधून डोकावून जाई. काकडी घेऊन येई, आणि ती कोणी खाणार नाही हे त्यालाही दिसत असे.

"मीच आनली ही पीडा," तो एकदा म्हणाला.

"तू काहून स्वतःला लावून घेतो," मधुभाऊ म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं.

पाचव्या दिवशी सकाळी ते न्हाणीघरातून पाण्याचं तसराळं भरून आणत होते. गंगी बाईंच्या मांडीवर होती. बाई तिच्याशी बोलत होत्या. मधुभाऊंना वाटलं नेहमीचा एखादा शब्द असेल. ते दाराशी आले.

"भिऊ... नको," शुभदाबाई गंगीला सांगत होत्या. मध्ये खूप वेळ गेला. ओठ जुळत होते, सुटत होते. "हे... आहेत."

चौदा-पंधरा महिन्यांत त्यांनी सलग बोललेलं पहिलं वाक्य होतं ते. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. मधुभाऊंचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं, 'हे'च म्हणत आल्या होत्या, आणि तो शब्द मधुभाऊंनी पुन्हा ऐकला तो असा.

तसराळं त्यांनी उंबऱ्याशी ठेवलं. थोडं पाणी सांडलं. ते खाटेसमोर जमिनीवर बसले.

"शुभदा, मी खोटं बोललो," ते म्हणाले. "आजार होता, पण त्यानं नाही झालं हे. मी जे इंजेक्शन दिलं ना, ते कासवाला द्यायचं नसतं. मला माहीत नव्हतं. गाईचं औषध होतं. मीच दिलं, दोघींना. धाकटी त्यानंच गेली. हिचे पायही त्यानंच गेले."

शुभदाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. त्यांना सगळं कळत होतं. डॉक्टरांनी यवतमाळला तेच तर सांगितलं होतं. त्यांची नजर गंगीच्या लोंबत्या पायांवर गेली, तिथून स्वतःच्या मांडीवर पडलेल्या उजव्या हातावर आली, आणि तिथेच थांबली. मग त्यांनी डाव्या हाताने पदर ओढून गंगीवर घातला.

मधुभाऊंनी पाणी जवळ आणलं. गंगीला घ्यायला हात पुढे केला. बाईंनी अंग चोरलं.

"पाण्यात बसवायला हवं तिला."

बाईंनी मान हलवली. नाही.

त्या दिवसापासून गंगीला पाण्यात शुभदाबाई बसवू लागल्या. मधुभाऊंनी फक्त तसराळं स्टुलावर ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. एका हाताने गंगीला उचलायचं, उतरवायचं, आणि त्याच हाताने तिची हनुवटी धरायची, हे जमण्यासारखं नव्हतंच. पहिल्या दिवशी गंगी हातातून निसटली आणि डोकं पाण्याखाली गेलं. मधुभाऊ दारातून दोन पावलं पुढे आले. बाईंनी वर पाहिलं. ते थांबले. बाईंनी गंगीला पुन्हा धरलं. पातळ भिजलं, खाट भिजली, पण अर्धा तास त्यांनी तिचं डोकं वर धरून ठेवलं. त्यांचा दंड थरथरत होता.

त्या सबंध वेळात त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. गंगीशीसुद्धा नाही.

बाराव्या दिवशी गंगी हलली नाही. पण ती तशीही हलत नव्हती. मधुभाऊंनी पाहण्यासाठी हात पुढे केला तेव्हा बाईंनी तो अडवला नाही. आपल्या हातून मेलेली आणि आपल्यासमोर मेलेली कितीतरी जनावरं मधुभाऊंनी पाहिली होती. छातीवर हात ठेवला की त्यांना कळे. इथे हाताखाली नुसतं कवच लागत होतं. त्यांनी डॉक्टरांना फोन केला.

"कासवाचं लवकर सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "हृदय खूप हळू चालतं. एक-दोन दिवस ठेवून पाहा."

ते दीड दिवस मधुभाऊंच्या कायमचे लक्षात राहिले. गंगी खाटेवर टॉवेलवर होती, आणि ती आहे की नाही हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. बाईंनी त्या दिवशीही तिला दोन्ही वेळा पाण्यात बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मधुभाऊंना टॉवेलवर मुंग्यांची रांग दिसली. ती गंगीच्या डोळ्यापर्यंत गेली होती.

ते बाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. बाईंनीही ती रांग पाहिली. मग एकेक करून डोळ्यावरच्या मुंग्या बोटाने काढायला लागल्या.

कय्युमने जास्वंदीखाली खड्डा केला. "कुत्रे उकरतीन," म्हणून वर दगड ठेवले. मधुभाऊंना त्याने कुदळीला हात लावू दिला नाही.

*

त्यानंतरची गोष्ट मोठी नाही, पण मधुभाऊंच्या जन्मात तशी पूर्वी कधी झाली नव्हती. शुभदाबाईंना रोज सकाळी इन्सुलिन लागे, आणि ते मधुभाऊ देत. गंगी गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांनी सिरिंज भरली आणि ते थांबले. हात कापत नव्हता. कापला असता तर बरं झालं असतं, त्यांना काहीतरी कारण मिळालं असतं. हात स्थिर होता, अगदी गंगीला टोचलं त्या दिवशी होता तसाच. त्यांनी सिरिंज खाली ठेवली आणि मागच्या गल्लीतल्या विमलताईंना बोलावून आणलं. विमलताई नर्स होत्या, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या.

"कायले जी मधुभाऊ?" त्यांनी विचारलं. "सारं आयुष्य सुया टोचण्यात गेलं तुमचं."

"आता नजर धड राहिली नाही," मधुभाऊ म्हणाले.

विमलताई रोज येऊ लागल्या.

रजा संपून मधुभाऊ दवाखान्यात रुजू झाले. पट्ट्या बांधत, कागद लिहीत, औषधं देत. सुई धरत नसत. पहिल्याच आठवड्यात एक बाई पॅकेजची गाय घेऊन आली, तापाने फणफणलेली, अंगभर गोचीड. डॉक्टर दारव्ह्याला गेले होते.

"उद्या या," मधुभाऊ म्हणाले. "डॉक्टर नाहीत आज."

"डॉक्टर कायले पायजे? तुमीच तर हाव. मागं आमच्या जाऊच्या गाईले तुमीच उठोलं."

"उद्या या, बाई."

ती बाई नऊ किलोमीटर चालत आली होती. तिने थोडा वेळ वाट पाहिली, मधुभाऊ हसून उठतील म्हणून. मग गाईचा कासरा धरून निघाली. गाय चार पावलं चाले आणि थांबे. मधुभाऊ खिडकीत उभे राहून ती दोघं वळणापलीकडे जाईपर्यंत पाहत होते. दुसऱ्या दिवशी ती आली, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, गाय वाचली. पण त्या एका रात्रीत काहीही होऊ शकलं असतं, हे मधुभाऊंना चांगलं माहीत होतं.

घरात शब्द परत आले नाहीत. नऊच्या नऊ गेले. रविवारी ऋचा फोनवर विचारी, "या आठवड्यात काय म्हणाली आई?" मधुभाऊ म्हणत, "थकली आहे जरा. ऊन फार आहे ना."

असा दीड महिना गेला. विमलताईंच्या मुलीचं बाळंतपण अमरावतीला होतं. त्या दोन दिवस आधी सांगून गेल्या होत्या; मधुभाऊंनी नेरहून दुसऱ्या एका नर्सची व्यवस्थाही लावून ठेवली होती. कय्युमच्या गाडीने ती येणार होती. त्या सकाळी गाडी आली नाही. रस्त्यात गाडीचा पाटा तुटला, असा कय्युमचा फोन आला. दहा वाजायला आले. शुभदाबाईंनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. इन्सुलिनशिवाय खाता येत नव्हतं. मधुभाऊ दारात जात, रस्ता पाहून परत येत. तिसऱ्यांदा परत आले तेव्हा बाई खाटेच्या कडेला सरकून बसल्या होत्या. बाटली आणि सिरिंजचा डबा त्यांनी खाटेजवळच्या फळीवरून काढून शेजारी ठेवला होता.

"येईलच ती आता," मधुभाऊ म्हणाले.

शुभदाबाईंनी नाही म्हणून डोकं हलवलं. विमलताई सुई उजव्या दंडात देत. तिथे काही कळत नसे. मधुभाऊ उजव्या बाजूला जाऊन बसले. बाईंनी पुन्हा डोकं हलवलं. मग डावा दंड तोंडाजवळ आणला आणि ब्लाउजची बाही दातांत धरून वर ओढली. उजव्या हाताने ओढणं शक्यच नव्हतं. बाही दोनदा खाली घसरली. तिसऱ्यांदा राहिली. त्यांनी तो हात मधुभाऊंच्या पुढे धरला.

मधुभाऊंनी साबणाने हात धुतले. बाटली उन्हाकडे धरून औषध भरलं, रेघ पाहिली, पुन्हा पाहिली. खाली बसले, दंडाची कातडी चिमटीत धरली आणि सुई घातली. शुभदाबाईंचा दंड किंचित आखडला. त्यांना जाणवलं होतं.

"दुखलं?"

शुभदाबाई समोरच्या भिंतीकडे पाहत राहिल्या. मधुभाऊंनी सुई काढली आणि त्या जागी कापसाचा बोळा दाबला. तिथे धरायला बाईंना दुसरा हात नव्हता. रक्ताचा एक ठिपका आला आणि थांबला. मधुभाऊंनी बोळा सोडला नाही. बाहेर ऊन चढत होतं, रस्त्याने एक बैलगाडी रिकामी चालली होती. शुभदाबाईंनीही हात काढून घेतला नाही.